फाटक उतरवायचा दिवस

बाबाराव ढोमणे दरवर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला दुपारी स्कूटरला पहार बांधून गोरखपूरच्या सिविल लाइन्समधल्या एका लहानशा चर्चमध्ये जात आणि दिवेलागणीनंतर हात ग्रीसनं माखून परत येत. घरात याचं कुणाला नवल उरलं नव्हतं. माणूस विदर्भातून आलेला, सरकारी कारखान्यातला फिटर. निवृत्त झाला तरी हात स्वस्थ बसत नव्हते. चर्चचं फाटक जुनं आहे, त्याला तेलपाणी करायला जातात, असं भानुमतीबाई सांगत. शेजारणींनी चिडवलं की वर म्हणत, "आमच्या देवघराचं दार वर्षभर रडून राहिलं तरी चालते. येशूचं मात्र कुरकुरलं नाही पाहिजे!"

त्यांच्या मुलीनं, विनतानं, कॉलेजात असताना एकदा विचारलं होतं, "बाबा, तिथे इतका वेळ करता काय?"

"बसतो," ते म्हणाले होते.

प्रार्थनेला बसत असतील असं तिनं धरलं आणि पुन्हा विचारलं नाही. पुढे ती गोरखपूरजवळच्याच एका कॉलेजात इतिहास शिकवू लागली. जगभरच्या दंगली, कत्तली, छावण्या यांवर तिनं ढीगभर वाचलं. कुठल्या देशात चर्चनं माणसं लपवली, कुठल्या देशात चर्चच्याच आत ती मारली गेली, हे ती वर्गात न अडखळता सांगे. स्वतःच्या वडिलांची पहार मात्र दाराआड तेलकट फडक्यात उभी असे, आणि त्या पहारीविषयी तिला काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

बाबाराव यंदा पावसाळ्यात गेले. दिवाळी कशीबशी उरकली. त्यानंतर एका सकाळी फोन आला.

"विनता का? मी एस्तेर बोलून राहिली, चर्चमधून. ढोमणेभाऊंचं कळलं. बाई, एक तारीख आली ना. पहार घेऊन कोण येणार यंदा?"

आवाज म्हातारा होता आणि मराठी थेट नागपूरची. विनतानं विचारलं, "काम काय असतं?"

"फाटक उतरवायचं," एस्तेरबाई म्हणाल्या. "ये तर खरं."

फाटकाला तेल देतात हे ठाऊक होतं. उतरवतात कशाला? आणि संध्याकाळी परत चढवायचं असेल, तर उतरवायचंच का? विनताला चार दिवस दुसरं काही सुचलं नाही. आईला तिनं एवढंच सांगितलं की तेल द्यायला जाते. फडक्यासकट पहार तिनं गाडीच्या मागच्या सीटवर आडवी टाकली.

चर्च बसकं, चुन्यानं रंगवलेलं. समोर एकपाखी लोखंडी फाटक, एका बाजूला साखळी आणि कुलूप, दुसऱ्या बाजूला दगडी खांबात बसवलेल्या दोन जाड खुंट्या. त्या खुंट्यांवर फाटक नुसतं टेकलेलं. खालून पहारीनं उचललं की अलगद सुटावं, असं. एस्तेरबाई आत व्हरांड्यात खुर्चीवर बसल्या होत्या. आधीच्या पास्टरसाहेबांच्या त्या पत्नी, आता ऐंशीच्या घरात. त्यांनी पहारीकडे पाहिलं, मग विनताकडे.

"चेहरा भाऊंचाच आहे. त्यांनी सांगितलं नसणार तुला काही."

"बसतो म्हणाले होते."

"मग खरंच सांगितलं की." बाई हसल्या.

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. चौऱ्याऐंशी साली दिल्लीत पंतप्रधानांची हत्या झाल्याची बातमी आली आणि इथंही सरदारांची दुकानं पेटली. बाबारावांच्या फॅक्टरीशेजारी सतनामसिंग नावाचे स्पेअर पार्टवाले राहत. बाबाराव त्यांना, त्यांच्या बायकोला आणि तिघा पोरांना गल्लीबोळांतून घेऊन इथपर्यंत आले. एस्तेर आपल्या विदर्भातली, म्हणजे दार उघडेलच, हा त्यांचा हिशेब. पण फाटकाला कुलूप होतं आणि चावी पास्टरसाहेबांच्या खिशात होती. आत चर्चची पंचवीसेक माणसं, बायकापोरं. पास्टरसाहेब फाटकाशी आले आणि हात जोडून म्हणाले, "भैया, इन लोगों का क्या होगा? माफ करो." बाबाराव बराच वेळ विनवत राहिले. मग खांबाकडे बघू लागले.

"बाजूला रस्त्याचं काम होतं. तिथली पहार उचलली त्यांनी. फिटर माणूस! कुलपाला हात नाही लावला. बिजागरीच्या बाजूनं फाटक उचललं न् धाडदिशी खाली. साखळी, कुलूप सगळं जागच्या जागी, न् चर्च सताड उघडं."

"मग?"

"मग काय! सरदारजींची मंडळी आत. पण फाटक पडताना वाकलं, परत चढेना. आता लपायला आडोसाच नाही. पास्टरसाहेबांनी आतला एक बाक ओढत आणला, मोकळ्या जागेत आडवा टाकला न् स्वतः त्याच्यावर बसले. मग मी बसले. भाऊ बसले. एकेक करून सगळे आले, कोणी बाकावर, कोणी जमिनीवर. जमाव आला. 'अंदर कौन है?' पास्टरसाहेब म्हणाले, 'हम हैं.' एक दगड आला, बाकाच्या पायाला लागला. थोडा वेळ उभे राहिले न् गेले."

"परत गेले?"

"पुढे गेले," एस्तेरबाई म्हणाल्या. "पुढच्या गल्लीतलं दुकान पेटवलं. म्हणून मी याला चमत्कार नाही म्हणत."

विनताच्या पुस्तकांत चर्च एक तर दार उघडत असे, नाहीतर लावून घेत असे. इथे दार कुणी उघडलंच नव्हतं. ते पडलं, आणि मग आतल्यांना ठरवावं लागलं.

"आम्ही रागावलो होतो तुझ्या बाबांवर, खोटं काहून बोलू? आमची पोरं आत होती. पुढच्या वर्षी त्याच तारखेला भाऊ स्वतः आले. म्हणाले, तुम्हाला न विचारता उतरवलं, माफ करा. पास्टरसाहेब म्हणाले, उतरवावं लागलं, आम्हाला माफ करा. दोघंही अडून बसले. शेवटी फाटक पुन्हा उतरवलं न् बाक टाकून अंधार पडेपर्यंत बसले. तेव्हापासून दरवर्षी. सरदारजी होते तोवर तेही यायचे, पराठे घेऊन."

"पण आई म्हणते, त्या दिवशी कर्फ्यूमुळे ते रात्रभर फॅक्टरीत अडकले होते."

"तू पाळण्यात होतीस. त्यांनी खरं सांगितलं असतं तर भानुमतीनं त्यांना दुसऱ्यांदा घराबाहेर पडू दिलं असतं?"

विनता पहार घेऊन खांबाशी गेली. वरच्या खुंटीच्या डोक्यावर लोखंडाचा एक ताजा, निळसर गोळा होता. वेल्डिंग. फाटक आता उचललं जाणार नव्हतं.

तेवढ्यात मागून एक तरुण माणूस आला. हे आत्ताचे पास्टर, अनुग्रह लाल. त्यांनी नमस्कार केला आणि मान खाली घातली. "दीदी, पिछले महीने मैंने ही करवाया."

"मला न सांगता," एस्तेरबाई खुर्चीतून ओरडल्या.

"आंटी, आप मना करतीं." मग विनताला ते हळू आवाजात सांगू लागले. गेल्या महिन्यात रविवारी प्रार्थना चालू असताना काही पोरं फाटकाशी येऊन घोषणा देऊन गेली. फाटक हलवून पाहिलं. आत लहान मुलं होती. "आपके बाबूजी की मैं बहुत इज़्ज़त करता हूँ. लेकिन वो साल में एक दिन आते थे. हम यहाँ हर रविवार होते हैं."

विनता खुंटीकडे पाहत राहिली. गोळा लहानच होता. पहारीचे चार घाव बसले असते तर निघालाही असता. बाबांनी काय केलं असतं? पण बाबा तर वर्षानुवर्षं इथे येऊन न विचारल्याचीच माफी मागत होते. तिनं पहार खांबाला टेकवून ठेवली.

"फाटक राहू द्या," ती म्हणाली. "कुलूप उघडाल? बाक बाहेर काढू."

"बाहर?"

"फाटकाच्या बाहेर. रस्त्याच्या बाजूला. आणि रविवारी तुमची प्रार्थना किती वाजता असते?"

"नौ बजे. क्यों?"

"मी येईन. आत नाही, मला प्रार्थना येत नाही. बाहेर बाकावर बसेन. कॉलेजातलं आणखी कुणी येईल तर आणेन."

पास्टर तिच्याकडे पाहत राहिले. "कितने रविवार?"

"ते मलाही माहीत नाही," ती म्हणाली. "तुम्हाला वाटेल तेव्हा वेल्डिंग काढा. तोवर येईन."

"पहले एक रविवार तो आइए," ते म्हणाले. आवाजात विश्वास नव्हता, पण खिशातून चावी त्यांनी काढली.

बाक चांगलाच जड होता. एका पायाची कड उडालेली होती. तिथे विनतानं बोट फिरवून पाहिलं. एस्तेरबाईंना धरून आणून मधोमध बसवलं. पास्टर थोडा वेळ फाटकाच्या आत उभे राहिले, मग बाहेर येऊन टोकाला टेकले. समोरून ऑफिसं सुटलेली माणसं जात होती. एकानं स्कूटर थांबवून विचारलं, "क्या हो गया, भैया?"

"कुछ नहीं," पास्टर म्हणाले. "बैठे हैं."

विनता घरी पोचली तेव्हा भानुमतीबाई दारातच होत्या. त्यांनी आधी तिचे हात पाहिले.

"हात तर कोरे दिसून राहिले. तेल नाही दिलं?"

"नाही, आई."

"मग इतका वेळ काय करून राहिली होतीस?"

विनतानं त्यांना आत नेलं, खुर्चीवर बसवलं आणि फॅक्टरीतल्या त्या रात्रीपासून सगळं सांगितलं. सांगून झालं तरी भानुमतीबाई दाराआडच्या मोकळ्या कोपऱ्याकडेच बघत होत्या. पहार तिकडेच, खांबाला टेकलेली राहिली होती.

"खोटारडा," शेवटी त्या म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला. मग नाक पुसत त्यांनी विचारलं, "त्या बाकावर माणसं किती मावतात गं?"