शेजारच्या सीटचा ब्रेक

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि दुसरा शेजारी बसलेल्या मास्तरांच्या पायाखाली. आमच्या ह्यांनी उभा जन्म त्या दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून काढला. त्यामुळे उजव्या पायाला खोड लागली ती लागलीच. बस असो, टॅक्सी असो, पुढे कोणी आडवं आलं की ह्यांचा पाय आपोआप खाली दाबला जातो. व्याह्यांच्या कोऱ्या गाडीतलं पायपुसणं त्यांनी असंच घासून घासून झिजवलं. मी बोलले की म्हणतात, "अगं, सवय आहे." सवय कसली, अविश्वास आहे तो. आपण सोडून साऱ्या जगाला गाडी चालवता येत नाही, अशी ह्यांची पक्की खात्री आहे.

ह्या खोडीपायीच ह्यांचं आणि चिरंजीवांचं बिनसलं. मुलगा लायसन्सच्या वयाचा झाला तसं ह्यांनी त्याला मोठ्या हौसेने गाडीवर बसवलं. पोरगं ब्रेक मारायच्या आत ह्यांचा ब्रेक लागलेला. चौक आला, लागला. वळण आलं, लागला. मांजर दिसलं, लागला. वर तोंडाचा पट्टा चालू तो वेगळाच. शेवटी एके दिवशी चिरंजीवांनी भर चौकात गाडी बंद केली, दार सताड उघडं टाकलं आणि तरातरा चालत घरी आले. मग जाऊन मागच्या गल्लीतल्या दुसऱ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. तिथे त्याला पहिल्या फटक्यात लायसन्स मिळालं, हे तर ह्यांच्या फारच जिव्हारी लागलं.

भांडण असं कधी झालंच नाही. नुसतं बोलणं आटलं. मुलगा नोकरीला दुसऱ्या शहरात गेला, त्याचं लग्न झालं, तरी फोनवर बापलेकांचं "जेवलास का", "हो", "आईला देतो" ह्यापुढे गाडं सरकेना. मी मध्ये पडून पाहिलं. दोघांनीही मला सांगितलं, "आमचं काही नाही गं." काही नाही हेच तर माझं दुखणं होतं.

पुढे ह्यांच्या डोळ्यांचं निघालं. समोरचं लख्ख दिसतं, पण दोन्ही बाजूंचं दिसेनासं झालं आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, रस्त्यावर गाडी चालवायची नाही आणि शिकवायचीही नाही. ह्यांनी स्कूल दुसऱ्याला देऊन टाकलं आणि घरी बसले. आता घरी बसलेला ड्रायव्हिंग मास्तर काय करतो? बायकोच्या कामात लुडबुड करतो. मी शिवणाचं मशीन चालवत असले की मागे उभं राहून सांगायचे, "वळणावर सावकाश घे." माझ्या अगदी नाकी नऊ आले होते.

तेव्हा डोकं चालवलं ते सूनबाईंनी. मला फोन करून म्हणाली, "आई, ह्यांचं गेमचं जुनं स्टीअरिंग माळ्यावर पडलंय ना? ते बाबांना जोडून द्या." कॉम्प्युटरला लावायचं स्टीअरिंग, खाली तीन पेडल, बाजूला गिअरचा दांडा, असं ते प्रकरण मुलाने शाळेत असताना हट्ट करून घेतलं होतं. गेम ट्रकचा. माल भरायचा आणि लांबच्या गावी नेऊन टाकायचा, बस्स. मोठ्या माणसांनी ह्यात काय खेळायचं ते मला कळलं नाही. पण पडद्यावर सगळं समोरच असतं, आरसेसुद्धा, त्यामुळे ह्यांना ते जमलं. आणि खरी गोष्ट म्हणजे बापलेकांना आपापल्या घरी बसून एकाच रस्त्यावर ट्रक काढता येत होते, बोलता बोलता.

मग दर रविवारी सकाळी हे पुढे आणि मुलगा मागे, असे दोन ट्रक निघायचे. हेडफोनने ह्यांचा कान दुखतो, म्हणून आवाज खोलीभर. पहिले काही रविवार "अंतर ठेव", "ठेवलंय बाबा" एवढ्यावरच गेले. हळूहळू दोघंही मोकळे झाले. साहेबाशी वाजलं ते मुलाने आधी बापाला सांगितलं. घर बदलायचं घाटत होतं तेही. मी आपली बटाटे सोलत ऐकायची. कधी कधी मध्येच कर्र असा आवाज यायचा. तो ह्यांच्या ब्रेकच्या पेडलचा. मी मशीनच्या तेलाची कुपी घेऊन गेले तर म्हणाले, "हात लावू नकोस. पाय सटकेल." मीही नाद सोडला.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना पडद्यावर ती सूचना आली. पुढच्या महिन्यापासून दुसऱ्यांबरोबर खेळायचं असेल तर कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टिम नवी हवी. आमची जुनी चालणार नाही.

मी कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. त्याने डबा उघडला, आत फुंकर मारली आणि माझ्याच अंगावर धूळ उडवली.

"नवी सिस्टिम टाकतो, काकू. मशीन झेपवेल कसंबसं. पण हे स्टीअरिंग नाही चालणार. बनवणारी कंपनी कधीच बंद पडली. नव्या सिस्टिमला ते ओळखूच येणार नाही."

"आणि जुनीच ठेवली तर?" ह्यांनी विचारलं.

"तर स्टीअरिंग चालेल. पण गेम एकट्यानेच खेळायचा."

"दोन्ही ठेव ना मग," मी म्हटलं.

"दोन्हीला ह्यात जागा कुठे आहे? तुमचं ठरलं की बोलवा," असं म्हणून तो चहा पिऊन गेला.

म्हणजे मुलगा हवा तर स्टीअरिंग नाही आणि स्टीअरिंग हवं तर मुलगा नाही. माझ्या दृष्टीने ह्यात ठरवायचं काहीच नव्हतं. पण हे अडून बसले.

"अहो, बटणं दाबून चालवा की. सगळी पोरं तशीच खेळतात."

"बटणं दाबायला मी काय लिफ्टमन आहे?"

मुलाने फोनवर सांगितलं की, नवं स्टीअरिंग मी पाठवतो. ह्यांनी तेही धुडकावलं. मुलाने घेऊन दिलेल्या गाडीवर म्हणे मी बसणार नाही. मी म्हटलं, "आत्ता बसताय तेही त्याचंच आहे." त्यावर, "हे मी घेऊन दिलेलं आहे," असं उत्तर आलं. आता ह्या माणसापुढे कोणी डोकं फोडावं!

खरं काय ते मला समजत होतं, आणि म्हणूनच जास्त राग येत होता. गिअर टाकताना ह्यांचा चेहरा पूर्वीसारखा व्हायचा. हातात स्टीअरिंग असलेला माणूस आणि नसलेला माणूस ह्यांत त्यांच्या लेखी फार फरक होता. रस्त्यावरचं तर गेलंच होतं, आता हेही आपणहून सोडायचं. पण त्यापायी बापलेक पुन्हा "आईला देतो"वर येणार, ह्याची मला धास्ती पडली होती. एकदा आटलेलं बोलणं दुसऱ्यांदा सुरू होईलच असं नसतं. मी तसं तोंडावर बोलून दाखवलं. हे उठून भिंतीवरचा आरसा पुसत बसले.

महिना उलटला. रविवारी सकाळी हे नेहमीसारखे अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून स्टीअरिंगसमोर बसले आणि एकटेच ट्रक घेऊन निघाले. मी स्वयंपाकघरात होते. इंजिनाची घरघर, गिअरची खटखट, सगळं नेहमीचं. मध्येच ह्यांचा आवाज आला, "अंतर ठेव."

मागे कोणी नव्हतं.

थोड्या वेळाने ट्रक थांबल्यासारखा वाटला म्हणून मी दारात जाऊन उभी राहिले. गाडी रस्त्याच्या कडेला लावलेली होती, दोन्ही इंडिकेटर चालू. हे पडद्यावरच्या आरशात मागे बघत होते. मला पाहिल्यावर म्हणाले, "बोलव त्या कॉम्प्युटरवाल्याला." मला इतकं भरून आलं की मी तिथेच त्यांच्या पाठीवरून ओला हात फिरवला, आणि त्यांनी "शर्ट खराब करशील" म्हणून तो झटकला.

कॉम्प्युटरवाला आला, दुपारभर खपला आणि नवी सिस्टिम टाकून गेला. ह्यांनी तरी स्टीअरिंग लावून पाहिलंच. गरागरा फिरवलं, क्लच दाबला, गिअर टाकला. पडद्यावरचा ट्रक ढिम्म हलला नाही. मी ते सगळं माळ्यावर टाकायला निघाले तर म्हणाले, "राहू दे तिथेच." मी राहू दिलं. केर काढताना वाकून वाकून माझी कंबर मोडली, तरी राहू दिलं.

रविवारी मुलाचा आवाज आला. "बाबा, नव्या गेममध्ये आता शेजारी बसता येतं. माझ्या ट्रकमध्ये या."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळे वटारले आणि ओठांवर बोट ठेवलं. आधीच बजावून ठेवलं होतं, त्याच्या चालवण्यावर एक अक्षर बोलायचं नाही. पोरगं आपणहून शेजारी बसवतंय. पुन्हा दार उघडं टाकून गेलं, तर मी काही समजूत घालायला जाणार नाही.

ट्रक निघाला. डाव्या-उजव्या हाताला पडद्यावर शेतं सरकत होती. हे दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसले होते. मुलगा वळणावर जरा जोरातच गेला, हे गप्प. पुढच्या गाडीच्या फार जवळ गेला, ह्यांनी जीभ दातांखाली धरली पण गप्प. मीच मनातल्या मनात शाबास म्हटलं. एकदा मुलाने खाकरून घसा साफ केला, तेवढंच.

मग चौक आला. बाजूने एक टँकर निघाला, आणि टेबलाखालून आवाज आला. कर्र.

पडद्यावर ट्रक थांबला होता. तो मुलाने थांबवला होता, हे उघडच आहे. पण मला चौकात सताड उघडं टाकलेलं ते दार आठवलं.

"बाबा, ब्रेक मारलात?"

"नाही."

"मला ऐकू आला."

हे खाली पायाकडे बघत राहिले. कान लालबुंद झाले होते. "सवय आहे रे," अगदी बारीक आवाजात म्हणाले. "तो चालत नाही आता. तुला नाही लागणार."

टँकर निघून गेला तरी मुलाने ट्रक हलवला नाही.

"मी पण त्याच वेळी मारला," तो म्हणाला. "रोज ऑफिसला जाताना मीही असाच मारतो. चौकाच्या जरा आधी."

ह्यांनी मान वर केली. मग चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला, इस्त्रीच्या शर्टाच्या.

"मागची गाडी हॉर्न देतेय," शेवटी म्हणाले. "पहिला गिअर टाक आणि निघ."

"निघतो," मुलगा म्हणाला. "आई, ऐकतेस ना? त्या पेडलला तेल घालू नकोस हं."