दीड मिनिट उशिरा

मित्रांनो, मी एक जुना टायमर आहे, आणि आधीच कबूल करतो, ही गोष्ट सांगताना माझा जागोजागी गोंधळ होणार आहे. आयुष्यभर मी मिनिटं मोजली. माणसाचं दुखणं नेमकं कशानं थांबतं, हे मात्र मला अजून उमगलेलं नाही.

मी पांढरा, गोल आणि मुठीत मावेन एवढा आहे. माझं डोकं धरून पिळायचं आणि हव्या त्या आकड्यावर आणून सोडायचं. मग मी टिकटिक करत शून्याकडे निघतो आणि पोचलो की घणघणतो. माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. टेबलाच्या टोकाला बसलेल्या बाईंनी मला कानाशी धरलं, क्षणभर ऐकलं आणि म्हणाल्या, "हा बोलका आहे गं." मग खोक्यात घातलं. ती माझी पहिली शाबासकी.

खरं तर मला अंडी उकडण्यासाठी बनवलं होतं. ज्या घरात मी आलो, तिथल्या मुलीनं पुढे फिजिओथेरपीचं शिक्षण घेतलं आणि स्वतःचं क्लिनिक काढलं. सगळे तिला ताई म्हणू लागले. पहिल्या दिवशी तिच्या आईनं मला ओट्यावरून उचललं आणि तिच्या पिशवीत टाकलं. "अंडी काय नि माणसं काय, वेळेवर बाहेर काढली म्हणजे झालं," आई म्हणाली. ताई हसली. मी मात्र ते मनावर घेतलं.

क्लिनिक तळमजल्यावर होतं, कारण येणाऱ्यांच्या गुडघ्यांना जिने नको असायचे. दोन पलंग आणि मध्ये हिरवा पडदा. कोपऱ्यात गरम पाण्याची स्टीलची टाकी, तिच्यात शेकाच्या जाड पिशव्या. शेजारी लहानसा फ्रिज, त्यात बर्फाच्या पिशव्या. चार वायरींचं एक यंत्र होतं, त्याला सगळे 'करंट' म्हणायचे. दुसरं अल्ट्रासाउंडचं होतं. त्यासाठी दुखऱ्या जागेवर गारेगार जेल चोपडायचं आणि त्यावरून यंत्राचं गुळगुळीत डोकं गोल गोल फिरवायचं. मान ओढायचा पट्टा होता, रबराचे पट्टे होते, एक भला मोठा चेंडू होता. आणि या सगळ्यांवर देखरेख करायला खिडकीच्या कट्ट्यावर मी होतो.

निदान मला तसं वाटायचं. कारण माझी घंटा झाली, की पडद्याआडून आवाज यायचा, "हुश्श! आता बरं वाटतंय." रोज, प्रत्येक वेळी. मग मी काय समजणार? मी वाजतो म्हणून माणसं बरी होतात, अशी माझी पक्की समजूत झाली होती. शेकाची पिशवी, बर्फ, करंट हे आपले माझे मदतनीस.

तरीही काही गोष्टी माझ्या डोक्यावरून जायच्या. कंबर धरलेल्या बेकरीवाल्याला ताई गरम शेक द्यायची आणि पाय मुरगळलेल्या टपालवाल्या बाईंना गार बर्फ. दोघंही म्हणायचे, "बरं वाटलं." अहो, गरम खरं की गार खरं? एकीला ताई सांगायची, "दुखलं की थांबा." पडद्यापलीकडच्या आजोबांना सांगायची, "थोडं दुखेल, पण थांबू नका." आणि व्यायाम तर मला मुळीच आवडायचे नाहीत. ते दहा वेळा, पंधरा वेळा असे मोजायचे. त्यात माझं काही कामच नसायचं.

अशात एके दिवशी घड्याळवाले काका आले. चाळीस वर्षं ते एकाच टेबलावर मान वाकवून, डोळ्याला भिंग लावून मनगटी घड्याळं दुरुस्त करत होते. आता मानेतून निघालेली कळ खांद्यावरून खाली उतरायची आणि उजव्या हाताचा अंगठा व शेजारचं बोट मुंग्या येऊन बधिर व्हायचं. त्यांनी आधी डॉक्टरांना दाखवलं होतं. मानेतली नस दबतेय, ऑपरेशनची गरज नाही, फिजिओथेरपी करा, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं.

"चिमट्यातून स्क्रू पडतात हो," काका ताईला म्हणाले. "स्क्रू सापडतो. हात गेला तर तो कुठे शोधू?"

ते हसले, पण हसू ओठांपाशीच राहिलं. सोबत आलेल्या काकूंनी तोंड फिरवून फ्रिजकडे पाहिलं.

काका माझ्यासारखेच बुचकळ्यात पडलेले होते. कुणी त्यांना बर्फ लावायला सांगितलं होतं, कुणी शेकायला, शेजाऱ्यानं मालीश करायला, मेव्हण्यानं उशी सोडायला. "एकदाचं काय ते यंत्र लावा आणि मोकळं करा," ते म्हणाले.

ताई स्टूल ओढून बसली. "काका, पाय मुरगळल्यावर ताजी सूज असते, तिथं बर्फानं बरं वाटतं. तुमच्या मानेचे स्नायू आखडलेत, त्यांना शेकानं सैल वाटेल. करंटनं दुखणं थोडा वेळ दबतं. पट्ट्यानं मान हलकेच ओढली की नसेवरचा ताण कमी होतो का ते बघू. पण हे सगळं दार उघडण्यापुरतं. आत चालत जायचं ते व्यायामानं. आणि हातातला जोर कमी झाला असं वाटलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, लगेच कळवा."

"म्हणजे मुख्य औषध कुठलं?"

"तुम्ही."

काकांनी कपाळाला हात लावला. मीही लावला असता, पण मला हात नाहीत. इतकी वर्षं मुख्य औषध मीच आहे असं समजून चाललो होतो.

तिसऱ्या भेटीत ती गोष्ट घडली. ताईनं काकांच्या मानेखाली शेक ठेवला, मला दहावर पिळलं आणि पलीकडच्या पलंगापाशी गेली. काका डोळे मिटून पडले होते. थोड्या वेळानं ते म्हणाले, "ताई, दहा मिनिटं झाली."

"पडून राहा काका, टायमर वाजला की येतेच."

"तो वाजेल तेव्हा वाजेल. दहा झाली."

मला राग आला. मी आपला टिकटिकत राहिलो आणि शून्यावर पोचून दणक्यात वाजलो. काका उठून बसले. "साडेअकरा मिनिटं," ते शांतपणे म्हणाले. "तुमचा टायमर दीड मिनिट मागे आहे. त्याची चाल जड झालीय, मघापासून ऐकतोय मी."

ताईनं मोबाइल लावून माझी परीक्षा घेतली. दोनदा घेतली. मी दोन्ही वेळा नापास झालो.

मित्रांनो, लाज वाटणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. मला सगळे चेहरे आठवले. त्या आजोबांना बर्फ इतका का झोंबायचा! बेकरीवाल्याची पाठ शेकानं लालबुंद का व्हायची! कुणाला मोठी इजा झाली नव्हती, पण ते देवाचेच उपकार. मी वाजल्यावर लोक 'हुश्श' करायचे, ते बरे झाले म्हणून की एकदाचा वाजला म्हणून?

दुसऱ्याच दिवशी आकडे चमकणारा नवा टायमर आला आणि मी खणात गेलो. तिथं कापसाचे बोळे होते आणि एक तुटका रबरी पट्टा. कुणी मला पिळेना. मी कितीवर थांबलोय, हेही मी विसरून गेलो.

इकडे काकांचं दुखणं हटत नव्हतं. शेक घेतला की दोन तास बरं, पुन्हा टेबलावर बसलं की मुंग्या. ताईनं एकदा सरळच विचारलं, "घरी व्यायाम करता?"

"करतो की."

"तीन आठवड्यांत दोनदा केलेत," काकू म्हणाल्या. "कामाला बसले की यांना घर पेटलेलं कळायचं नाही. तासन् तास मान खाली."

ताईनं खण उघडला आणि मला काकूंच्या हातात दिलं. "टेबलाची उंची वाढवून घ्या. आणि याला अर्ध्या तासावर लावा. दीड मिनिट उशीर झाला तरी चालेल. वाजला की उठायचं, हनुवटी मागे घ्यायची, खांदे फिरवायचे, चार पावलं चालायचं. दिवसभर."

आणि अशा रीतीनं मी घड्याळांच्या दुकानात आलो. भिंतीवर तीस घड्याळं, सगळी अचूक, आणि मध्ये मी. माझी अवस्था काय झाली असेल, तुम्हीच ठरवा.

त्याहून मोठा गोंधळ वेगळाच होता. क्लिनिकमध्ये मी वाजलो की काम संपायचं. इथं मी वाजलो की काम सुरू! 'हुश्श' तर सोडाच, काका वैतागायचे. "अरे, आत्ताच तर वाजला होतास!" ते माझं डोकं दाबून धरायचे. दोनदा त्यांनी मला उशीखाली कोंबलं. दुकानामागच्या घरातून काकूंचा आवाज यायचा, "वाजल्याचं मला ऐकू आलंय हं!"

एक सकाळ मी विसरणार नाही. एका गिऱ्हाइकाच्या आईचं जुनं घड्याळ काकांनी उघडलं होतं. चिमट्यात केसाएवढी बारीक स्प्रिंग होती. बोटं बधिर झाली आणि स्प्रिंग वेडीवाकडी होऊन बसली. काकांनी भिंग काढलं, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि उजव्या हाताकडे बघत राहिले. काकू चहा घेऊन आल्या.

"आता जमणार नाही बहुतेक," काका म्हणाले.

काकूंनी कप ठेवला. उशीखालून मला काढलं, तीसवर पिळलं आणि त्यांच्या समोर ठेवलं. "हा दीड मिनिट मागे राहतो. पण पोचतो ना शेवटी?" एवढंच म्हणाल्या. इतकं चांगलं माझ्याबद्दल त्याआधी फक्त कारखान्यातल्या बाई बोलल्या होत्या.

त्या दिवसापासून काका उठू लागले. पहिले काही दिवस कुरकुरत, मग सवयीनं. गिऱ्हाईक समोर असलं तरी मी वाजलो की हे उभे! हनुवटी मागे, खांदे गोल गोल. घड्याळ द्यायला आलेली शाळेतली एक मास्तरीण तर एकदा त्यांच्याबरोबर स्वतःही करू लागली. टेबल उंच झालं. आठवड्यातून दोनदा क्लिनिक चालूच होतं. एखाद्या दिवशी मुंग्या कमी, दुसऱ्या दिवशी पुन्हा जास्त. काका निराश व्हायचे आणि मीही. बरं होणं सरळ रेषेत चालत नाही, असं ताई म्हणायची. मला सरळ शून्याकडे जायचीच सवय, त्यामुळे तेही मला कळलं नाही.

तीन महिने झाले असतील. एका दुपारी काकांनी भिंग लावलं आणि मलाच हातात घेतलं. माझ्या पोटातले तीन बारीक स्क्रू चिमट्यानं काढून बशीत ठेवले. एकही पडला नाही. मग त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि जे हसत सुटले, ते थांबेचनात.

"अगं, इकडे ये! याच्या पोटात काय आहे बघ. अल्ट्रासाउंडचं जेल!"

तेव्हा मला माझ्या दुखण्याचं कारण कळलं. ताई जेलनं माखलेल्या बोटांनी माझं डोकं पिळायची. घाईत हात कोण पुसतो? वर्षानुवर्षं थेंब थेंब आत झिरपून चाकांवर वाळून बसला होता. लोकांचं दुखणं हलकं करता करता माझीच चाल जड झाली होती.

काकांनी एकेक चाक पुसलं, तेलाचा ठिपका दिला. मग स्क्रू बसवायची वेळ आली. काकूंनी श्वास रोखला होता. पहिला बसला. दुसरा बसला. तिसरा चिमट्यात हलला, काका थांबले, हनुवटी मागे घेतली, हात झटकला, आणि तोही बसला. काकूंनी डोळ्यांना पदर लावला. "धूळ फार आहे या दुकानात," म्हणाल्या.

मग मी दहा मिनिटं चाललो आणि बरोबर दहाला वाजलो. काका नक्की कशानं बरे झाले? शेकानं, पट्ट्यानं, व्यायामानं, उंच टेबलानं, ताईनं, की काकूंच्या त्या एका वाक्यानं? मी पुष्कळ विचार केला. गोंधळ तसाच आहे. ताईलाही विचारलं काकांनी. ती म्हणाली, "थोडं थोडं सगळ्यानं. आणि टायमर तुमच्याकडेच राहू दे."

पण माणूस बरा झाला की व्यायाम सोडून देतो, हे मी क्लिनिकमध्ये पाहिलेलं आहे. एका सकाळी गर्दी होती. मी वाजलो. काका उठले नाहीत. त्यांनी मला पुन्हा पिळलंही नाही. मी गप्प पडून राहिलो. आता खण, असं मी मनाशी म्हटलं. भिंतीवरची तीस घड्याळं टिकटिकत होती, त्यात माझी एक टिकटिक कमी झाली तर कुणाला कळणार?

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. ज्यानं बरं वाटलं, ते बरं वाटल्यावर सोडून देऊ नका. आणि तुमची सेवा करणाऱ्या वस्तूला हात लावण्याआधी तेवढे हात पुसा.

हे मी त्या सकाळी मनातल्या मनात बोलत होतो, तेवढ्यात काकांचा चिमटा हवेत थांबला. त्यांनी मान तिरकी करून कान दिला.

"एक आवाज कमी येतोय," ते म्हणाले.

आणि ते उठले.