जावयाने लावलेला विंचू

जावई म्हणजे दहावा ग्रह, असं जुनी माणसं म्हणत. बाबांच्या नशिबी आलेला हा ग्रह कमरेला पक्कड आणि टेस्टर लावून, खांद्यावर शिडी घेऊन फिरणारा होता. हाडाचा वायरमन. त्याला बोलायला कमी यायचं. कुणावर माया असली तर तो त्या माणसाच्या घरातला एखादा कुरकुरणारा पंखा दुरुस्त करून टाकायचा, आणि तेवढ्यात त्याचं बोलून झालेलं असायचं.

बाबांनी हयातभर पाव भाजले. बेकरीवाल्याचा दिवस जगाची झोप मोडायच्या आधी सुरू होतो, म्हणून ते अंधार पडताच गच्चीवर अंथरूण टाकत. उन्हाळ्यात दक्षिणेला वृश्चिक रास उभी असायची. त्यांच्या भाषेत तो 'माझा विंचू'. झोपताना तो डोळ्यांसमोर, आणि जाग आली की पश्चिमेला उतरलेला. त्याची नांगी समोरच्या छपराला टेकली की खाली जाऊन भट्टी पेटवायची. गजराच्या घड्याळाला किल्ली द्यायला माणूस विसरतो, बाबा म्हणत, पण याला किल्ली देणारा वर बसलाय आणि त्याचा विसराळूपणा अजून कुणी ऐकलेला नाही. मग पीठ मळता मळता त्याच्याच नावाची गाणी चालायची, इतक्या मोठ्या आवाजात की शेजारपाजारच्यांना वेगळा गजर लागत नसे.

मग पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, आणि ते लेकीकडे राहायला आले. वॉकर धरून घरात फिरायचे, स्वयंपाकघरापर्यंत जायचे, पण गच्चीचा जिना संपला. खोलीला खिडकी होती, ती शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे बघायची. बाबांनी तक्रार केली नाही. फक्त गाणं बंद झालं, आणि लेकीला ती शांतता सगळ्या तक्रारींपेक्षा मोठी वाटायला लागली.

मुलाला, म्हणजे दादाला, वेगळीच धास्ती होती. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा, विम्याच्या कचेरीत होता, आणि दिवसभर लोकांच्या आगी, अपघात आणि आजारपणं वाचून त्याला चुलीतला धूरही वणव्यासारखा दिसायचा. बाबांनी एकदा दूध उतरवून गॅस तसाच चालू ठेवला होता. एकदा डॉक्टरांना त्यांनी यीस्टवाला समजून मालाच्या दर्जाबद्दल चांगलं फैलावर घेतलं होतं. दादाने एक वृद्धाश्रम बघून ठेवला. बाग होती, नर्स होती, तळमजल्यावरची खोली होती. ठरलेल्या दिवशी सकाळपर्यंत होकार कळवायचा होता.

दादा दुष्ट नव्हता. तो बहिणीला म्हणाला होता की तुम्ही दोघं कामाला जाता, घरात हे एकटे, आणि यांचं डोकं आता साथ देत नाही. बहीण म्हणाली, डोकं शाबूत आहे. तो म्हणाला, मग दाखव मला. ती म्हणाली, आदल्या रात्री ये जेवायला, दाखवते.

दाखवायची तयारी नवऱ्याने आधीच करून ठेवली होती. बाबांना दुपारभर पुढच्या खोलीत रेडिओपाशी बसवायचं आणि तेवढ्या वेळात त्यांच्या खोलीच्या फॉल्स सीलिंगमध्ये मण्यांएवढे दिवे बसवायचे, असा त्याचा उद्योग चालला होता. शेजारच्या मुलीच्या शाळेचं आकाशदर्शनाचं पुस्तक त्याने मागून आणलं. त्यातला वृश्चिक मोठ्या खाकी कागदावर मापात वाढवून काढला, कागद जमिनीवर अंथरला, आणि प्रत्येक ताऱ्यावरून ओळंब्याने, म्हणजे दोरीला टांगलेल्या शिशाने, सरळ वर खूण नेऊन छताला भोक पाडलं. याच पद्धतीने त्याने दुकानं उजळली होती, दवाखाने उजळले होते, एका नाट्यगृहाचं अख्खं छत उजळलं होतं, आणि कुठलाही दिवा कधी बोटभर सरकलेला नव्हता. ज्येष्ठा लाल असते म्हणून त्याने एका जुन्या मशीनचा लाल दिवा काढून तिथे बसवला. बायकोला त्याने काही बघू दिलं नाही. तिचा मात्र बेत ठरला होता: बाबा छताकडे बघतील, एकेक तारा नावानिशी सांगतील, आणि दादा गप्प होईल.

जेवणं आटोपली. बाबांना पलंगावर नीट निजवलं, दादा खुर्चीत बसला, जावयाने दिवा घालवला आणि बटण दाबलं.

खोलीत आकाश उतरलं. दादाच्या तोंडून नकळत "वा" निघून गेला. बाबांनी मात्र डोळे बारीक करून छत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. मग म्हणाले, "सुंदर झालंय. पण हा माझा विंचू नाही."

लेकीने विचारलं, म्हणजे काय? ते म्हणाले, विंचवासारखा आहे खरा, पण माझा नाही. कुणीतरी दुसराच आहे. जावयाला वाटलं, पलंगाची दिशा चुकली असेल. त्याने आणि दादाने मिळून पलंग, त्यावर बाबा, असा अर्धा फिरवला. नाही. मग पुरता फिरवला. वॉकर आडवा झाला, टेबलावरचा तांब्या कलंडला, बाबा पलंगावर राजासारखे पडून दोघांना डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या असं सांगत होते. शेवटी तेच म्हणाले की आता पुरे, मला बोट लागायला लागलीय. चारही दिशांना डोकं करून झालं आणि विंचू काही ओळखीचा होईना.

जावई दुखावला. कपाटामागून खाकी कागद काढला, होता तसा जमिनीवर अंथरला, आणि शिडीवर चढून एकेका दिव्यापासून ओळंबा सोडला. शिशाचं टोक प्रत्येक वेळी कागदावरच्या ताऱ्याच्या बरोबर मध्यावर येऊन थांबलं. मग कागद आणि पुस्तक शेजारी शेजारी ठेवलं. हुबेहूब. ओळंबा खोटं बोलत नाही, एवढंच तो म्हणाला.

दादाने पुस्तक पाहिलं, कागद पाहिला, वर पाहिलं. त्याचा चेहरा जिंकलेल्या माणसाचा नव्हता. तो बहिणीला बाहेर घेऊन आला आणि हळू आवाजात म्हणाला, "छोटे, जी गोष्ट त्यांनी जन्मभर पाहिली, तीच त्यांना ओळखू येत नाहीये. आता तरी ऐक. मी सकाळी वृद्धाश्रमाला हो म्हणतो."

तिला क्षणभर वाटलं, खरंच तसं असेल तर? पण ते क्षणभरच. ती म्हणाली, "ते गॅस विसरतील. उद्या माझं नावसुद्धा विसरतील. विंचू विसरायचे नाहीत. चल वर."

"वर कुठे?"

"गच्चीवर. उन्हाळाच आहे, खरा विंचू तिथेच आहे ना? त्यालाच विचारू."

पण विंचू शोधायचा कसा, हे तिला कुठे माहीत होतं? लहानपणी बाबा दाखवायचे तेव्हा ती पहिल्या ताऱ्यालाच पेंगायची, आणि दादाला तर त्या वयात आकाशापेक्षा पतंग प्रिय. ती परत आत गेली आणि बाबांना विचारलं. बाबांनी डोळे मिटून घेतले. छताकडे बघायचीसुद्धा त्यांना गरज वाटली नाही.

"दक्षिणेला तोंड करून उभे राहा," ते म्हणाले. "घाई करू नका, डोळ्यांना अंधार प्यायला द्या. आधी लाल तारा शोधा, तांबूस, भट्टीतल्या निखाऱ्यासारखा. ती ज्येष्ठा. विंचवाचं काळीज. तिच्या उजव्या हाताला, जरा वर, तीन तारे एकाखाली एक. ती अनुराधा, तिकडे तोंड. आता काळजापासून खाली उतरत या. तारा, मग तारा, सावकाश, जिना उतरल्यासारखं. पार खाली गेलात की शेपूट डावीकडे वळते. लक्षात ठेवा, डावीकडे. आणि वर येते, आणि टोकाला दोन तारे अगदी जवळजवळ, कुजबुजत बसल्यासारखे. तिथे नांगी. ते मूळ नक्षत्र. डावीकडे वळली नाही तर तो विंचू माझा नाही, आणि मग तुम्ही म्हणाल तिथे मी राहायला जातो."

लेकीने पुस्तक बरोबर घेतलं आणि तिघं जिना चढले. वर वाळत घातलेल्या चादरी होत्या, त्या बाजूला सारल्या. दक्षिणेला नेमकी शेजारच्यांची पाण्याची टाकी आडवी आली, म्हणून कोपऱ्यात सरकावं लागलं. रस्त्यावरचा दिवा डोळ्यांत घुसत होता. जावयाने एक चादर दोरीवर अशी ओढली की त्याचा उजेड अडला. अंधार प्यायला वेळ लागला. दादाने लाल तारा सापडल्याचं जाहीर केलं आणि तो तारा लुकलुकत विमानतळाकडे निघून गेला.

"दादा, काळीज पळालं," जावई म्हणाला. दिवसभरातला त्याचा पहिला विनोद.

मग लेकीला ज्येष्ठा दिसली. टाकीच्या वर, तांबूस, लुकलुकली तरी जागची न हलणारी. तिने बोट केलं. उजवीकडे वर तीन तारे, एकाखाली एक, जसे सांगितले तसेच. तिथून ती खाली उतरत गेली, आणि गंमत अशी की एक तारा सापडला की पुढचा आपोआप पुढे यायचा. ती मोठ्याने सांगत होती, दोघं तिच्या बोटामागून येत होते. छपराच्या रेषेपाशी शेपूट आली. तिथे ती वळली.

डावीकडे वळली. वर आली. टोकाला दोन तारे कुजबुजत बसले होते.

तिघांनी माना मागे टाकल्या. विंचू एवढा मोठा, की टाकी त्याच्यापुढे डबीएवढी झाली होती. तिने इतकंच विचारलं, आपल्या छतावर नांगी कुठे वळलीय?  नवऱ्याने तिच्या हातातलं पुस्तक घेतलं, मोबाइलच्या उजेडात पान काढलं आणि कठड्यावर आडवं ठेवून वाकून पाहिलं. मग तेच पान दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं, उपडं, आणि मान वर करून पाहिलं. पुन्हा खाली ठेवलं. पुन्हा वर धरलं.

"अरे देवा," तो म्हणाला. आणि कठड्याला टेकून हसत सुटला.

त्याला सांगायला वेळ लागला, कारण बोलणं हे त्याचं हत्यार नव्हे. पुस्तकातलं आकाश खालून वर बघणाऱ्यासाठी काढलेलं. ते डोक्यावर धरून बघायचं. त्याने ते जमिनीवर अंथरलं आणि तिथूनच सरळ वर नेलं. त्यामुळे खालचं जसंच्या तसं वर गेलं, पण वरचं बघताना डाव्याचं उजवं झालं. पलंग कितीही फिरवला असता तरी काय उपयोग? डाव्या पायातली चप्पल गोल फिरवून उजव्या पायात थोडीच जाते? "दुकानाच्या छताला डावं-उजवं कुठे असतं, दादा? दिवे सारखेच. आजवर कुठल्या गिऱ्हाइकाने तक्रार केली नाही. नांगी असलेलं गिऱ्हाईक पहिल्यांदाच मिळालं."

दादा हसला नाही. तो अजून वरच बघत होता. तो म्हणाला, "त्यांनी डोळे मिटून सांगितलं सगळं." आणि मग, "मी पुस्तकावर विश्वास ठेवला."

खाली आले तेव्हा बाबा जागेच होते. लेकीने फक्त "डावीकडे" असं म्हटलं. त्यांनी मान हलवली, जणू आज सूर्य पूर्वेलाच उगवला अशी बातमी तिने आणली होती. जावई हात जोडून उभा राहिला आणि झाला घोटाळा त्याने सांगून टाकला. उद्याच सगळे दिवे काढून बरोबर लावतो, म्हणाला.

"खबरदार हात लावलास तर," बाबा म्हणाले. "मी त्याला आयुष्यभर खालून पाहिला. ताऱ्यांच्या पलीकडे जो बसलाय, त्याला तो मागल्या बाजूने असाच दिसत असेल, नाही का? तू न सांगता मला त्याच्या जागी नेऊन बसवलंस, जावईबापू. एवढं मोठं तीर्थ मला कुठल्या लेकाने घडवलं नाही."

शेवटचं वाक्य दादाच्या दिशेने होतं, आणि ते दादाला लागलं. तो पलंगाच्या कडेला बसला. म्हणाला, बाबा, विंचवाचं तुमचं खरं, पण गॅसचं काय? तोही खराच होता की.

बाबांनी मुलाकडे नीट पाहिलं. "ते माझंच चुकलं," ते म्हणाले. "डॉक्टरचंही. नवी गोष्ट हातातून निसटते रे आता, जुनी तेवढी घट्ट राहते. पण मला जाग्यावरून उपटलंस तर सगळंच नवं होईल. मग मी धरू काय?"

 जावयाने मध्येच सांगितलं की गॅसच्या नळीवर, ठरावीक वेळाने आपोआप बंद होणारी कळ बसवता येते, त्याच्या ओळखीचा माणूस आहे. दादा म्हणाला, दोन बसव. मग उठून दाराबाहेर गेला आणि वृद्धाश्रमाच्या माणसाला फोन लावला. ती खोली दुसऱ्या कुणाला द्या, आमचे बाबा घरीच राहणार आहेत, असं तो सांगताना आतपर्यंत ऐकू आलं. पलीकडच्याने कारण विचारलं असावं. दादा थोडा अडखळला आणि म्हणाला, त्यांचं इथे काम चालू आहे, आम्हाला तारे दाखवायचं.

आत आला तेव्हा लेकीने दिवा घालवून छतावरचे तारे लावले होते. बाबा भिंतीकडे सरकले आणि पलंगावर हाताने थापटून त्यांनी जागा केली. दादा, कचेरीतल्या इस्त्रीच्या शर्टासकट, वडिलांच्या शेजारी आडवा झाला. बाबांनी त्याचं मनगट धरलं, बोट वर नेलं, आणि हळू आवाजात गुणगुणायला लागले. पीठ मळतानाचं जुनंच गाणं होतं. मध्येच थांबून म्हणाले, "झोपू नकोस. अजून काळजापर्यंतच आलोय."