हाक न पोचलेली दुपार

कानाए जाळं दुरुस्त करायला बसली की तिचं सगळं जग त्या फाटक्या भोकाएवढं व्हायचं. जपानमधल्या त्या लहानशा बंदरावरचे कोळी म्हणायचे, "हिच्या पाठीमागे ढोल बडवा, मान वळेल तर शपथ!" लहानपणी शहरातल्या डॉक्टरांनी तिच्या या स्वभावाला ऑटिझम असं नाव दिलं होतं. परतताना आई एवढंच म्हणाली होती, "तुझं लक्ष एका वेळी एकाच दारातून आत जातं. बाकीची दारं बंद."

आता आईही नव्हती. चाळिशी उलटलेली कानाए घरापासून दूर, धक्क्यालगतच्या पडवीत एकटीच काम करायची.

त्या दिवशी समुद्रापार कुठेतरी मोठा भूकंप झाला. गावात पेलाही हलला नाही, पण मोठी लाट येणार म्हणून भोंगा वाजला. खांबावरच्या कर्ण्यातून रोज काही ना काही वाजायचंच, तेव्हा तो आवाज कानाआड करायचं कानाएने मुद्दाम शिकून घेतलं होतं. शेजारच्या हिसाए काकूंनी तिच्या घराचं दार बडवलं, हाका मारल्या. आतून ओ आली नाही. पोरगी पुढे गेली असेल, असं समजून काकू डोंगराकडे पळाल्या.

शेवटची गाठ मारून कानाए टोफू आणायला उठली. दुकान उघडं होतं, चहाच्या पेल्यातून वाफ निघत होती, माणूस मात्र नव्हतं. समोरच्या न्हाव्याकडेही कोणी नाही. पहिल्यांदा तिला बरंच वाटलं. कुणाला वाकून नमस्कार करायचा नाही, हवापाण्याचं बोलायचं नाही. तिने सावकाश वर पाहिलं. न्हाव्याच्या पाटीखाली पाकोळीचं घरटं होतं. एका खिडकीत निळी काचेची घंटा टांगली होती. जन्मापासून ती याच गल्लीत राहत होती, आणि आज गल्ली पहिल्यांदाच तिच्या नजरेस पडत होती.

गल्लीच्या टोकाला येऊन तिने समुद्राकडे पाहिलं. पाणी मागे हटलं होतं. होड्या चिखलात कलंडल्या होत्या.

समुद्र मागे गेला की वर चढायचं, हे आईने तिच्याकडून घोकून घेतलं होतं. ती डोंगरावरच्या देवळाच्या पायऱ्यांकडे धावली.

वर सगळं गाव जमलं होतं. गल्लीचे प्रमुख योशिमित्सु तिला धापा टाकत येताना बघून चक्रावले. "अगं, तू खाली होतीस? सगळे आले असं मी कचेरीला कळवूनसुद्धा टाकलं! म्हटलं, बसली असेल नेहमीसारखी कुठल्या तरी कोपऱ्यात."

"म्हणजे मी नाही, हे कुणालाच कळलं नाही?" कानाएने विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. पण माणसांनी माना खाली घातल्या.

हिसाए काकूंना रडू कोसळलं. "बधिरे! घसा फुटेस्तोवर ओरडले मी तुझ्या दारात!"

"मी पडवीत होते, काकू."

"पडवीतच! आणि मला मेलीला ते सुचलं नाही." काकू तिच्यावर रागावल्या होत्या की स्वतःवर, हे कानाएला कळेना.

थोड्याच वेळात पाणी आलं, धक्क्यावरून आत घुसलं आणि पडवी घेऊन गेलं. जीव कुणाचा गेला नाही.

दोन दिवसांनी काकूंनी विचारलं, "तुला ऐकू जाईल अशी हाक कशी मारायची गं?"

कानाएने मांडीवरचं जाळं सारखं केलं. "हाक नका मारू. जाळ्यावर हात ठेवा."

पडवी गेल्यापासून कानाए घरातच जाळी घेऊन बसायची, आणि काकू रोज दुपारी येऊन जाळ्यावर हात ठेवू लागल्या. कानाए दरवेळी दचकायची, चिडायची. काकू म्हणायच्या, "चीड, चीड! पण जेव आधी." पानगळीच्या दिवसांत काकूंचा मुलगा त्यांना कायमचं नागोया शहरात घेऊन गेला. त्यांनी तिला चारदा सांगितलं होतं. शेजारची खिडकी बंद दिसली तेव्हा कुठे ते तिच्या डोक्यात शिरलं.

त्यानंतर एकेक जाळं संपलं की ती गल्लीतून चक्कर मारू लागली. कोण आहे, कोण नाही, हे पाहत.

"काय गं, हजेरी घेतेस की काय आमची?" न्हावी हसायचा.

"हो," ती म्हणायची. मग ती पुढच्या दाराकडे निघायची, आणि तो गिऱ्हाइकाकडे वळायचा. घरी येऊन ती दिवा लावायची, वाटीभर भात वाढून घ्यायची आणि एकटीच जेवायला बसायची.