मेणातला तीळ

बाबांनी आईचा चेहरा कोरताना चुकवला आणि मी त्यांच्यावर खेकसले. माझ्या तोंडाला लगाम नाही, काय करणार!

आमचं काम शिक्के कोरायचं. अंगठीचा एवढासा खडा, त्यात नाव, चित्र, चेहरा खोल कोरायचा, तोही उलटा; मग मेणावर दाबला की सुलटा उमटतो. बाबांचा हात असा बसलेला, की टेबलावर सांडलेल्या पाण्यात गंमत म्हणून बोटानं लिहिलं तरी अक्षरं उलटीच यायची. आई हसून हसून बेजार व्हायची.

ती आई आता आम्हाला ओळखत नव्हती. मला म्हणायची 'बाई', बाबांना 'पाहुणे'. तिचाच फोटो दाखवला तर "कोण ही?" म्हणून बाजूला सारायची. फक्त सकाळी आरशासमोर बसली की भांग नीट करून स्वतःशीच हसायची. तेवढीच ओळख उरलेली, आणि आरसा काही पलंगावर उशाशी घेऊन निजता येत नाही.

"आम्हाला विसरली तर विसरू दे," बाबा म्हणाले, "पण स्वतःला तरी विसरू नये तिनं." जिवापाड जपलेला लाल अकीकाचा खडा त्यांनी काढला. तिच्या पलंगासमोर चाक मांडलं, हिऱ्याची पूड तेलात कालवली आणि भिंगातून एकेक रेघ कोरायला बसले. त्यांचीही नजर अधू होत चाललेली. हा त्यांचा शेवटचा खडा, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

काम झालं. खडा मेणावर दाबला. नाक तिचं, हनुवटी तिची. आणि डाव्या गालावरचा तीळ उजव्या गालावर!

"अहो बाबा, सरळ कोरलात! जन्म गेला या कामात आणि आईच्याच वेळी?"

"समोर बसली होती ती," बाबा हळूच म्हणाले. "दिसली तशी कोरत गेलो. उलटं करायचं डोक्यातच आलं नाही गं."

दगडातून काढलेलं परत भरता येत नाही. मला रडू कोसळलं. बाबा मेण चुरगाळणार, तेवढ्यात आईनं हात पुढे केला. "बघू."

तिनं ते उजेडात धरलं. दुसऱ्या हातानं स्वतःच्या गालावरचा तीळ चाचपला.

"अगंबाई! ही तर मी!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आरशात ती रोज अशीच तर दिसते.

"कुणी केलं हो हे, बाई?" तिनं मला विचारलं.

"तुझ्या नवऱ्यानं."

"हो? मग बोलवा ना त्यांना."

बाबा तिच्यासमोरच उभे होते. ते बाहेर गेले, हात धुतले, केसांवरून ओला हात फिरवला आणि दारातून पुन्हा आत आले.

"बोलावलंस?"

आई पलंगावर जरा सरकली. "बसा," म्हणाली. "किती उशीर केलात."