तळाच्या फटीतली चिठ्ठी

मी एक जुनी विनंतीपेटी आहे, आणि मला स्वस्थ बसणं कधी जमलंच नाही. तुम्ही म्हणाल, लाकडाच्या पेटीला कसली आलीय अस्वस्थता? मित्रांनो, माझ्या पोटात काय काय असतं ते ऐका, मग बोला.

एका कॅथलिक विद्यापीठाच्या चॅपेलमध्ये, दारातून आत शिरल्याबरोबर डाव्या हाताला माझी जागा आहे. चॅपेलच्या एका मोडक्या बाकाच्या फळ्यांतून सुतारकाकांनी मला घडवलं. तळ पातळ वाटला म्हणून त्यांनी आतून आणखी एक फळी ठोकली. "हिला ओझं पेलायचंय, कागदाचं असलं तरी," असं ते म्हणाले होते.

मुलं येतात, माझ्याच झाकणावर कागद ठेवून प्रार्थना लिहितात आणि फटीतून आत टाकतात. त्यामुळे प्रत्येक अक्षर आधी माझ्या पाठीवर उमटतं. परीक्षा जवळ आल्या की माझं पोट तुडुंब भरतं. "देवा, पेपर तपासण्याआधी सरांची झोप पूर्ण होऊ दे," असं एकाने लिहिलं होतं. "मी तुमच्या धर्माची नाही, तरी लिहिलं तर चालेल का?" असं एकीने विचारलं होतं. दर गुरुवारी दुपारच्या मिस्सेत, म्हणजे सामूहिक उपासनेत, चॅपेलचे फादर चिठ्ठ्या वाचत, नाव न घेता. ही चिठ्ठी वाचून त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "चालेल." सगळं चॅपेल हसलं. प्रत्येक चिठ्ठीनंतर शंभरेक गळे एकदम म्हणत, "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक." तेव्हा मला फार अभिमान वाटे.

पण लाकूड म्हातारं होतं. तळाची ती आतली फळी वाकली आणि मागच्या बाजूला बोटभर फट पडली. कितीतरी वर्षं ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मग एका वर्षी वास्तुकलेची एक विद्यार्थिनी रोज चॅपेलमध्ये येऊ लागली. तिच्या खांद्याला नकाशांचं लांब नळकांडं असे, म्हणून झाडलोट करणाऱ्या मावशी तिला नळकांडंवाली म्हणत. सकाळी वर्ग सुरू व्हायच्या वेळेला ती शेवटच्या बाकावर येऊन बसे, ती थेट दुपारपर्यंत. ना गुडघे टेकायची, ना पुस्तक उघडायची. नुसती नखं कुरतडत राहायची.

एके दिवशी तिने माझ्यावर कागद ठेवला आणि लिहिलं, "फादर, ही मोठ्याने वाचू नका. मी तीन महिने वर्गात गेलेले नाही. घरी वाटतंय सगळं छान चाललंय. तुमच्या दाराशी येते आणि परत फिरते. मी रोज शेवटच्या बाकावर असते. तुम्हीच याल का?"

तिने चिठ्ठी आत टाकली आणि ती नेमकी तळाच्या त्या फटीत घसरली.

गुरुवारी फादरांनी मला उलटं केलं, पाठीवर दोन थापा मारल्या. बाकी सगळ्या चिठ्ठ्या पडल्या, तिची पडली नाही. मिस्सा संपल्यावर ते शेवटच्या बाकापाशी क्षणभर थांबले.

"काय गं, बरी आहेस ना?"

"हो फादर."

ते हसून पुढे गेले. तिला वाटलं, यांनी वाचलंय आणि यांना एवढंच विचारायचं होतं. दाराकडे जाणाऱ्या फादरांकडे ती वळून बघत होती, तेव्हा तिचा चेहरा मला समोरून दिसला. मला ओरडायचं होतं, पण पेटी ओरडणार कशी?

पुढचे दोन आठवडे मी नुसती कुरकुरत होते. ऊन वाढलं होतं, फळ्या ताणल्या जात होत्या. अखेर मावशी वैतागल्या. "फादर, ही पेटी सारखी वाजते. वाळवी लागलीय बहुतेक. काकांना बोलवा."

सुतारकाका आले, त्यांनी पटाशीने तळाची फळी उचकटली आणि खालून सात चिठ्ठ्या निघाल्या. सहा पिवळ्या पडलेल्या, एक पांढरी. पांढरी वाचून फादरांनी शेवटच्या बाकाकडे पाहिलं.

"मावशी, इथे रोज बसणारी ती मुलगी कुठाय?"

"नळकांडंवाली? दोन दिवस आली नाही. सकाळी होस्टेलच्या पायरीवर बॅग घेऊन बसली होती."

फादर तसेच झग्यानिशी धावले. तासाभराने परतले तेव्हा बॅग त्यांच्या हातात होती आणि ती मागून येत होती.

"मला वाटलं, तुम्ही वाचूनही गप्प बसलात," ती म्हणाली.

"वाचली नव्हती गं. पण मी विचारलं, तू 'हो' म्हणालीस, आणि तेवढ्यावर माझं भागलं. भागायला नको होतं."

तिथेच बसून तिने घरी फोन लावला. बोलताना तीनदा अडखळली, पण सगळं सांगितलं. मग बाबा एवढंच म्हणाले, "उद्या येतो." रागाने की मायेने, ते तिलाही कळलं नाही. ती रडवेली झाली.

दुसऱ्या दिवशी तिचे बाबा आले. लेकीशी बोलण्याआधी माझ्यापाशी थांबले, मावशींकडून कागद मागितला आणि लिहू लागले. पेन इतकं दाबलं की कागद फाटला. त्यांनी लिहिलं होतं, "माझ्या मुलीला माझी भीती वाटू नये." मग ते जाऊन तिच्या शेजारी बसले. दोघं किती वेळ बोलत होती, मी मोजलं नाही. पुढच्या सत्रात ती त्याच वर्गात पुन्हा बसली. आता ती सकाळी येत नाही. दुपारी मिस्सेला येते, घाईघाईत.

मित्रांनो, काकांनी मला नवा तळ बसवला. पण कुणी तुमच्यावर विश्वास टाकून काही सोपवलं, तर तळापर्यंत हात घालून बघा. कुणाला 'बरा आहेस ना' असं विचारलंत, तर उत्तरानंतरही थोडे थांबा.

त्या सहा जुन्या चिठ्ठ्याही फादरांनी गुरुवारी वाचल्या. एकीत लिहिलं होतं, "उद्या माझ्या भावाचं ऑपरेशन आहे." सगळ्यांनी नेहमीसारखं उत्तर दिलं, पण या वेळी आवाज हळू होता. ते ऑपरेशन कितीतरी वर्षांपूर्वी होऊन गेलं असेल. ते कसं झालं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.