मानमोडीची खूण

उत्कर्षानं प्लेटच्या शेवटच्या ओळीत आम्लाचे थेंब सोडले आणि पिपेट खाली ठेवलं. शहाण्णव खळग्यांतले बरेचसे पाण्यासारखे नितळ राहिले. म्हाताऱ्या माणसांच्या रक्ताचे होते ते जरा पिवळसर झाले. तेवढं अपेक्षितच होतं. एकच खळगा मात्र हळद कालवल्यासारखा गडद झाला होता. सतरावा नमुना.

तिसरी वेळ होती ही. पहिल्या दिवशी आपलाच हात चुकला असं तिला वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं सगळं नव्यानं मिसळलं. आज नळीवरचा आकडाही दोनदा वाचून घेतला होता.

उरवड्याच्या त्या लहानशा प्रयोगशाळेत विषाणू कधी आला नव्हता. तिथं बनायचं ते विषाणूच्या अंगावरचं एक प्रथिन, ज्याच्या आधारानं तो माणसाच्या पेशीला चिकटतो. जनुकाचा क्रम छापील कागदावरून घ्यायचा, किड्यांच्या पेशींकडून प्रथिन करवून घ्यायचं, शुद्ध करून संशोधकांना पाठवायचं. त्यानं कुणाला ताप येणं शक्य नव्हतं. या खेपेचं प्रथिन होतं १९१८ सालच्या साथीतल्या फ्लूचं, गावाकडं जिला मानमोडी म्हणायचे त्या साथीतलं. ते नीट उतरलं आहे का, हे बघायला गावातल्या चाळीस जणांचं थोडंथोडं रक्त घेतलं होतं. त्या विषाणूशी ज्याची गाठ पडली असेल, त्याचं रक्त या प्रथिनाला ओळखणार, चिकटणार आणि रंग येणार.

तिनं रजिस्टर उघडलं. सतरा: गेणबा. जन्म १९१९. म्हणजे तिच्याच खोलीचे मालक, गेणबा आबा.

प्रयोगशाळा चालवणाऱ्या चंद्रकांत सरांनी प्लेट उजेडाकडे धरली.

"नंतरच्या साथींचे विषाणू याच घराण्यातले होते," ते म्हणाले. "नव्वद वर्षांत माणसाला काय काय होऊन जातं. त्याचीच ओळख असेल ही."

"नव्वदीचे अजून दोघं आहेत, सर. त्यांचे खळगे फिकट आहेत."

"रक्तावर तारीख लिहिलेली नसते, उत्कर्षा."

पण त्यांनी प्लेट खाली ठेवली नाही. जरा वेळानं त्यांनी विचारलं, "जन्मसाल कुणी सांगितलं?"

"रेशनकार्डावर आहे."

"आणि रेशनकार्डाला कुणी सांगितलं?"

त्या महिन्यात पुण्यात स्वाइन फ्लूनं माणसं जात होती. शाळा बंद होत्या, पिरंगुटच्या मेडिकलमधले मास्क संपले होते. उत्कर्षाची आई परभणीहून रोज फोन करून घरी ये म्हणायची. संध्याकाळी तोंडाला रुमाल बांधून ती खोलीवर परतली तेव्हा गेणबा आबा अंगणात बाजेवर बसून घेवड्याच्या शेंगा निवडत होते. सून साळूबाई पलीकडं गोठ्यात होती.

"माज्या रगताचं काय झालं गं पोरी?" आबांनी आपणहून विचारलं. "साखर निघाली का?"

"साखर नाही बघितली, आबा." ती बाजेच्या कडेला टेकली. "तुम्हाला लहानपणी मोठा ताप आला होता का? फार मोठा?"

"आई तसं काय बोलली न्हाई."

"मानमोडीची साथ आली होती, तेव्हाचा?"

आबांचा हात शेंगांत थांबला. मग ते हसले. दात नव्हते, त्यामुळं हसणं आत ओढल्यासारखं व्हायचं.

"मानमोडी माज्या जल्माआदी. तिच्यात माजा बाप गेला, थोरला भाऊ गेला. शंभू. तीन वर्साचा व्हता. मी तवा आईच्या पोटात. आमचं गाव वर मावळात, आता धरणाच्या पाण्याखाली. गाव उठवायला लागलं तवा आई मला घिऊन हितं म्हायेराला आली."

"तेव्हा तुम्ही केवढे होतात?"

"दोन वर्साचा." ते पुन्हा हसले. "हितल्या बाया लई चेष्टा करायच्या आईची. म्हनायच्या, दोन वर्साच्या पोराचं दुदाचं दात पडत्यात व्हय गं?"

उत्कर्षानं ओढणी दंडावर ओढून घेतली. गोठ्यातून धार काढल्याचा आवाज येत होता, चरवीत एकसारखा.

"आबा, मग त्या गावातलं तुम्हाला काहीच आठवत नसेल."

"कसं आठवंल?" त्यांनी एक शेंग सोलली, दाणे सुपात टाकले, दुसरी उचलली आणि तशीच धरून ठेवली. "येक सपान पडतं तेवडं. बारकं व्हतो तवापास्नं. अंधारं घर. शेजारी मानसं झोपल्यात, पर घोरत न्हाईत. भाईर कुनीतरी हाक मारतंया, शंभू, शंभू. मी तोंड उघडाया जातो तर आईचा हात गच्च तोंडावर. म्हनती, त्यो शंभू न्हाई हितं. शंभू गेला. तू ओ दिऊ नको, ओ दिली की मानमोडी नेती."

हातातली शेंग त्यांनी न सोलताच सुपात टाकली.

"भावाला हाका मारत्यात आन माजं तोंड दाबत्यात. सपनाला काय अर्थ असतो व्हय."

आपण बोललो नाही तर आबांचं काही बिघडणार नाही, हे उत्कर्षाला कळत होतं. नव्वद वर्षं एका नावानं निघाली होती. उरलेली थोडी निघाली असती. पण रक्त त्यांचं होतं, आणि विचारलंही त्यांनीच होतं.

"आबा, रक्त चुकीचंही सांगू शकतं," ती म्हणाली. "माझे सर म्हणतात, त्याच्यावर फार विसंबू नये. पण मी तीनदा बघितलं. तुमच्या रक्ताला मानमोडी ओळखू येते. बाकी कुणाच्या रक्ताला येत नाही इतकी."

"म्हंजी?"

"म्हणजे ती तुम्हाला होऊन गेली असावी."

आबांनी सूप मांडीवरून उचलून बाजूला ठेवलं. आपले दोन्ही तळवे उलटसुलट करून पाहिले, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. धार थांबली होती. शेवटी ते इतक्या हळू बोलले की तिला पुढं वाकावं लागलं.

"म्हंजी तवा मी व्हतो."

ते उठून घरात गेले.

नंतर त्यांनी तो विषय काढला नाही. उत्कर्षा दिसली की नेहमीसारखं जेवलीस का विचारायचे. फक्त साळूबाई एकदा म्हणाली, आबा आजकाल हाक मारली तर लगेच ओ देत न्हाईत, कानानं कमी ऐकाया लागलं वाटतं. रात्री उत्कर्षानं आईला फोन करून सांगितलं की इथं सगळं ठीक आहे, आणि फोन ठेवल्यावर दिवा चालूच ठेवून झोपली.

सप्टेंबरात पितृपक्ष लागला. रविवारी घरात म्हाळ होता. साळूबाईनं उत्कर्षाला जेवायला बोलावलं होतं. खीर, वडे, भोपळ्याची भाजी, आळूचं फदफदं असा पहाटेपासून स्वयंपाक चालला होता. बाराच्या सुमाराला साळूबाईनं परसातल्या कट्ट्यावर केळीची तीन पानं मांडून वाढली.

"हे सासऱ्यांच्या बापाचं, हे आईचं," तिनं उत्कर्षाला दाखवलं. "आन हे शंभूचं, त्यांच्या भावाचं."

कावळे आले. बापाच्या पानावरचा वडा गेला, आईच्या पानावरची खीर सांडली. तिसऱ्या पानाच्या कडेला एक कावळा उतरला, मान तिरकी करून बघत राहिला आणि उडाला.

"दरसाल असंच," साळूबाई पदरानं कपाळ पुसत म्हणाली. "मी लगीन हून आले तवापास्नं बघतीया. शंभूच्या पानाला कावळा शिवत न्हाई. सासूबाई म्हनायच्या, बारक्या पोराचा जीव, रुसून बसतो. मंग गाईला घालतो आमी."

दारात काठीचा आवाज झाला. गेणबा आबा पायरी उतरून परसात आले. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी. कुणाकडं न बघता ते कट्ट्यापाशी गेले, काठी भिंतीला लावली आणि हाताचा आधार घेत तिसऱ्या पानासमोर बसले. तांब्यातलं पाणी त्यांनी पानाभोवती फिरवलं.

"आबा!" साळूबाई पुढं धावली. "मेलेल्याचं पान हाय ते!"

आबांनी खिरीत बोटं बुडवली. पहिला घास तोंडात घोळवत राहिले, मग गिळला. मग दुसरा. कौलांवर कावळे ओळीनं बसले होते. एकही ओरडत नव्हता.

साळूबाईनं उत्कर्षाकडं पाहिलं. उत्कर्षानं मान हलवली, जेवू दे अशी.

आबांच्या पानातली खीर संपली. त्यांनी पान बोटानं पुसून घेतलं आणि मान वर न करता रिकामी जागा दाखवली.

साळूबाई तशीच उभी राहिली. मग ती आत गेली, पातेलं घेऊन आली, पदर खोचून खाली वाकली आणि पंगतीत जिवंत माणसाला विचारतात तसं तिनं विचारलं,

"भाजी बी वाढू का?"